भामानं दाखवलेली चूक

सकाळी ग्रंथालय उघडून मी नुकतीच वर्तमानपत्रांवर शिक्के मारायला बसले होते, तेवढ्यात दत्ताचा फोन आला. दत्ता हा माझ्या मैत्रिणीचा, भामाचा, धाकटा भाऊ. तो फोनवर कधी एकदम मुद्द्यावर येत नाही. आधी घरच्यांची चौकशी, मग त्यांच्या गावच्या, लिंबागणेशच्या, पाण्याची, मग काम. त्या दिवशी त्यानं काहीच विचारलं नाही. "ताई, आक्का गेली," एवढंच म्हणाला... आणि मग दोघांपैकी कुणालाच फोन ठेवता येईना. त्याच्या मागे संभाजीनगरच्या दवाखान्यात कुणीतरी लिफ्ट कुठं आहे ते विचारत होतं. मी ते ऐकत राहिले. आदल्याच रविवारी मी त्या लिफ्टनं वर जाऊन तिला भेटून आले होते.

रडू आलं ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही दुःखापेक्षा संतापानं. बीडमध्ये येणारी झाडून सगळी वर्तमानपत्रं आमच्या ग्रंथालयात येतात. प्रत्येकात बातमी होती. 'ऊसतोड मजुराच्या लेकीची झुंज संपली.' 'कोयता ते डॉक्टरेट, एका संघर्षाचा अंत.' मजकुरात आईवडिलांचा कोयता होता, उसाच्या पाचटाची झोपडी, म्हणजे कोपी, होती, अनवाणी चालत गाठलेली शाळा होती. भामा अनवाणी कधीच शाळेत गेली नव्हती. कारखान्यावरून परतताना तिचे वडील सगळ्यांत आधी पोरांच्या चपला आणायचे, हे ती मला अभिमानानं सांगायची. एका वर्तमानपत्रानं तिला अणुशास्त्रज्ञ करून टाकलं होतं, दुसऱ्यानं अवकाशशास्त्रज्ञ. ती नेमकं काय काम करत होती, तिनं काय शोधलं, याबद्दल मात्र कुठंही एक ओळ नव्हती. मी पानं उलटून पाहिली, पुन्हा पाहिली. एक ओळ नाही! आमच्या डॉ. सत्यभामाला जाऊन आता काही आठवडे झाले. ती ओळ अजून कुणी लिहिलेली नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे. मी भौतिकशास्त्र शिकलेली नाही. मी कॉलेजची ग्रंथपाल. पण जे मी डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं, ते सांगायला पदवी लागत नाही.

ती आमच्या कॉलेजात शिकवायला आली तेव्हा मी तिथं चांगली मुरलेली होते. पहिल्याच आठवड्यात ती ग्रंथालयात आली, भौतिकशास्त्राच्या कपाटापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, ह्यातली निम्मी तर अपेक्षित प्रश्नांची पुस्तकं हायती." मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, की मुलं तीच मागतात. तर म्हणाली, "त्यांनी दुसरं काई बघितलंच न्हाई, तर काय मागतील?" पुढच्या आठवड्यात तिनं मला एक यादी आणून दिली. त्या यादीपासून आमची मैत्री सुरू झाली. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन माझ्या मागच्या खोलीत यायला लागली. स्टाफरूममध्ये बसायला तिला नको वाटायचं. तिथं कुणी पाहुणा आला की तिला पुढं केलं जायचं: या आमच्या सत्यभामा मॅडम, यांचे आईवडील ऊसतोडीला जायचे... आणि पाहुणे 'अरे वा!' म्हणत तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघायचे. एकदा डबा उघडता उघडता ती मला म्हणाली, "कोयता आई-बापानं चालवला, निमाताई. सत्कार करायचा तर त्यांचा करा की. मी काय केलंय ते मला इचारा ना."

सत्कार मात्र व्हायचेच. महिला दिन, शिक्षक दिन, कुणाचा तरी वाढदिवस... शाल, नारळ, फेटा. ती जायची, कारण प्राचार्य पाठवायचे. असाच एक सत्कार माजलगावला होता आणि तिच्या सोबतीला मी गेले होते. मांडव मोठा, माणसं भरपूर. व्यासपीठावरच्या पुढाऱ्यांनी शाल घातली, फोटो होईपर्यंत ती तिच्या खांद्यावर धरून ठेवली आणि मग माइकवरच विचारलं, "ताई, तुमच्या ह्या संशोधनाचा आपल्या बीड जिल्ह्याला काय फायदा?" भामानं क्षणभर विचार केला. ती खरंच विचार करत होती, हे तिला ओळखणाऱ्याला कळलं असतं. मग म्हणाली, "मला म्हाईत न्हाई साहेब." अख्खा मांडव हसला. पुढारीही हसले, तिच्या पाठीवर थोपटलं आणि पुढच्या सत्कारमूर्तीकडं वळले. मला मात्र भयंकर राग आला. ज्यांनी आयुष्यात एकदाही 'मला माहीत नाही' म्हटलेलं नाही, ती माणसं तिला हसत होती.

गाडीत मी म्हटलं, "भामा, पण तू करतेस तरी काय नेमकं?" आणि विचारल्याबरोबर मलाच लाज वाटली. सहा वर्षं आम्ही एकत्र डबा खात होतो. तिच्यासाठी मी कुठून कुठून लेख मागवून द्यायचे, त्यांच्या नोंदी करायचे. पण हा साधा प्रश्न मीही तिला कधी विचारला नव्हता. मांडवातल्या लोकांवर मी कोणत्या तोंडानं चिडले होते? भामा मात्र सावरून बसली. तिनं ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. वाटेवरच्या एका गावात तिच्या मामाचं गुऱ्हाळ होतं.

उसाच्या रसानं भरलेली मोठी काहील उकळत होती. मामा रसावर आलेली मळी काढत होते. भामानं पदर खोचला, पाचटाचा एक चिमूटभर तुकडा रसात टाकला आणि मग पर्समधून एक अख्खी सुपारी काढून तीही टाकली. मामा ओरडलेच, "ए भामे, रसात काय टाकायलीस?"

"सुपारी, मामा."

"कावून?"

"ताईंना दाखवायचंय कायतरी."

"गुळात सुपारी निघाली तर गिऱ्हाईक मला धरंल, तुला न्हाई!"

तो पाचटाचा तुकडा टाकल्याबरोबर रसासोबत गरगरायला लागला. सुपारीचं तसं नव्हतं. ती आपल्या वाटेनं सरळ जाऊ बघायची, पण चारी बाजूंनी रसाचे धक्के बसायचे आणि हळूहळू तिची स्वतःची चाल मोडत जायची. भामा सांगत होती. दोन जड अणुगर्भ प्रचंड वेगानं एकमेकांवर आदळवले, की क्षणाच्या एका अतिसूक्ष्म तुकड्यापुरता तिथं एक तापलेला रस तयार होतो. एरवी अणूच्या पोटात घट्ट बांधलेले कण त्या उष्णतेत मोकळे होऊन एकमेकांत मिसळतात. हा रस कसा आहे, किती दाट आहे, हे हात घालून बघता येत नाही. बघेपर्यंत तो विझलेला असतो. पण त्यात काही थोडे जड कण अगदी सुरुवातीलाच जन्मतात, जड क्वार्क म्हणतात त्यांना, आणि तो सगळा रस पार करून बाहेर पडतात. "ती आपली सुपारी," भामा म्हणाली. "ती कशी बाहेर पडली त्यावरून रस कसा हुता ते काढायचं. मी कॉम्प्युटरात अशा लाखो सुपाऱ्या सोडते. परत्येकीला बारीक बारीक धक्के देते, जरा जरा अडवते, आणि बघत बसते."

मी विचारलं, तू बरोबर बघतेयस हे कशावरून कळतं? या प्रश्नावर ती इतकी खूश झाली की मामांनी दिलेला गरम गूळ हातातच राहिला. ती म्हणाली, "साधं हाय. सुपारी रसात लई वेळ ऱ्हायली, तर शेवटी कितपत तापंल? रसाइतकीच. जास्त न्हाई, कमी न्हाई. तशी तापली न्हाई, तर समजायचं आपलं कुठंतरी चुकतंय." मामांनी झाऱ्यानं सुपारी शोधून बाहेर काढली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. "घे तुझं शास्त्र," म्हणाले.

हे सगळं ती ज्यावर करायची ती यंत्रंही सांगायला हवीत. कॉलेजच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा जुने अकरा कॉम्प्युटर भंगारात निघाले होते. तिनं ते अर्ज करून मागून घेतले आणि भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये भिंतीला ओळीनं लावले. प्रॅक्टिकल संपली की ते चालू करायची. लाइट गेली तर केलेलं वाया जाऊ नये म्हणून दर थोड्या वेळानं आकडे जपून ठेवायची सोय तिनं स्वतः लिहिली होती. बीडचा उन्हाळा आणि बीडची धूळ यांनी ती यंत्रं सारखी बसायची. मी एकदा लॅबमध्ये गेले तर बंद असलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर एकेक शाल. हिरवी, जांभळी, जरीची... सगळ्या सत्कारांच्या. मी हसत सुटले. ती शांतपणे म्हणाली, "धुळीला लई चांगल्या हायती."

आणि मग आली ती दिवाळीची सुट्टी. कॉलेज बंद, लॅब रिकामी, लाइटही त्या वर्षी बऱ्यापैकी टिकली. तिनं विद्यापीठातल्या तिच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांचा प्रोग्राम पूर्ण सुट्टीभर न थांबवता चालवला. एवढा वेळ तो आधी कुणीच चालवला नव्हता. सुट्टी संपल्यावर ती माझ्याकडं आली ती डबा न आणताच. "निमाताई, सुपारी रसापेक्षा जास्त तापायली," म्हणाली. आधी तिनं स्वतःलाच दोष दिला. तीन महिने ती स्वतःची प्रत्येक ओळ तपासत होती, हातानं गणितं करून कागदांचे गठ्ठे भरत होती. शेवटी चूक सापडली ती तिच्या ओळींत नव्हतीच. ती मूळ प्रोग्राममध्ये होती. तिनं मला समजावलं ते असं: जड कणाला धक्के देणारेही त्या रसातले कण आणि अडवणारेही तेच, म्हणून धक्का आणि अडवणूक यांचं नातं ठरलेलं असतं. आता धक्का मोजायचा तो कणानं पाऊल टाकण्याआधीच्या वेगावरून की टाकल्यानंतरच्या, यातलं काहीही निवडा, पण एकदा निवडलं की अडवणुकीचं सूत्रही त्याच पद्धतीनं लिहावं लागतं. त्या प्रोग्राममध्ये एक गोष्ट एका पद्धतीनं होती आणि दुसरी दुसऱ्या. फरक बारीक होता. पण होता.

ती हे सांगायला विद्यापीठात गेली त्या दिवशी मला तिथल्या ग्रंथालयात काम होतं, म्हणून मी बरोबर होते. मार्गदर्शकांनी आम्हा दोघींना बसवलं, चहा मागवला. माणूस सभ्य, आवाज मऊ. भामानं टेबलावर आलेख पसरले. त्यांनी ते बराच वेळ बघितले. मला आजही खात्री आहे की त्यांना पहिल्या नजरेतच कळलं होतं.

"हे एवढा वेळ चालवलंत कशाला?" त्यांनी विचारलं.

"शेवटी कुठं स्थिरावतंय ते बघायला, सर."

"प्रत्यक्षात ते सगळं केव्हाच विझून गेलेलं असतं. तेवढ्या कमी वेळात तुमचा हा फरक दिसणारही नाही."

"दिसतो सर. कमी दिसतो. पण पहिल्या पावलापासून आहे."

त्यांनी आलेख गोळा करून नीट एकावर एक ठेवले. "सत्यभामा, या प्रोग्रामवर तिघांना पदव्या मिळाल्या आहेत. तिघंही आज नोकरीत आहेत."

"मग त्यांना आधी सांगावं लागेल, सर," भामा म्हणाली. तिच्या आवाजात आव्हान नव्हतं. तिला खरोखर तेवढंच सुचलं होतं.

ते हसले. "तुमची पार्श्वभूमी मला ठाऊक आहे. तिथून तुम्ही इथवर पोचलात हे काही थोडं नाही. आता शेवटच्या टप्प्यावर वाद ओढवून घेऊ नका. कमी वेळाचे आकडे द्या, प्रबंध पूर्ण करा, मोकळ्या व्हा." चहा आला. भामानं तो घेतला नाही. मी घेतला, याचं मला आजवर वाईट वाटतं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. गेवराई मागं पडली. मग एकदम माझ्याकडं वळून म्हणाली, "पार्श्वभूमी म्हंजी काय वो निमाताई? माझ्या बापानं मोळ्या वाहिल्या, तर माझा आकडा हलका हुतो का?" ज्या गोष्टीसाठी मांडव घालून शाली दिल्या जात होत्या, तीच गोष्ट त्या केबिनमध्ये तिचं तोंड बंद करायला वापरली गेली होती.

तिनं कमी वेळाचे आकडे दिले नाहीत. मग सुरू झाली चार वर्षं. प्रबंधावर मार्गदर्शकांची सही हवी असते, ती मिळेना. दर सहा महिन्यांच्या अहवालावर शेरा यायचा, 'प्रगती समाधानकारक नाही.' कधी सर परदेशी असायचे, कधी बैठकीत असायचे, कधी 'पुढच्या महिन्यात बघू.' विद्यापीठाच्या समितीकडं तिनं लेखी कळवलं तर समितीनं ते पत्र अभिप्रायासाठी कुणाकडं पाठवावं? त्याच सरांकडं. इकडं कॉलेजात कुजबुज, की मॅडमचं पीएच.डी. काही होत नाही, झेपलं नसेल. ज्या प्राचार्यांनी तिचे एवढे सत्कार घडवून आणले, तेच माझ्या देखत तिला म्हणाले, "मॅडम, सर सांगतात तसं करून टाका ना. नाहीतरी कुणाला कळतंय त्यातलं?" हे वाक्य मी विसरणार नाही. आपल्याला कळत नाही म्हणून खोटं चालेल, असं एका शिक्षणसंस्थेचा प्रमुख म्हणतो आणि त्याला ते म्हणताना अडखळायलाही होत नाही.

भामानं त्या तिघा पदवीधारकांना स्वतः पत्रं लिहिली. आरोप नाही, तक्रार नाही. इथं असं होतंय, कृपया तपासून बघा, एवढंच. दोघांकडून काही आलं नाही. तिसऱ्याचा फोन आला तेव्हा ती माझ्याच खोलीत होती. तो म्हणाला की त्यानं तपासलं, तिचं बरोबर आहे, पण त्याचं नाव तिनं कुठं घेऊ नये. फोन ठेवून ती कितीतरी वेळ समाधानानं बसली होती. "तपासलं तरी त्यानं," म्हणाली. मी चिडून म्हटलं, "आणि गप्प बसला, ते?" तर माझीच समजूत काढायला लागली, की त्याला दोन लेकरं हायती, त्याची नोकरी कच्ची हाय. तिच्या अंगात हा मोठेपणा कुठून आला होता मला माहीत नाही. माझ्या अंगात तो नाही.

शेवटी दुसऱ्या एका विद्यापीठातल्या वयस्कर प्राध्यापिकेनं तिचे कागद वाचायला मागवले. नोंदणी पुन्हा, शुल्क पुन्हा, पहिल्यापासून सगळं पुन्हा. पण त्या बाईंना पहिल्यांदा भेटून आली त्या दिवशी भामा ग्रंथालयात अक्षरशः पळत आली. "निमाताई, त्यांनी मला साठ प्रश्न इचारले! साठ! सकाळपासून संध्याकाळपर्यंत निस्ते प्रश्न!" तिच्या चेहऱ्यावरचा तसा आनंद मी कुठल्याच सत्कारात पाहिला नव्हता. कुठून आलीस, कशी शिकलीस, हे त्या बाईंनी अवाक्षरानं विचारलं नव्हतं. प्रबंध झाला, पदवी मिळाली, तिच्या एकटीच्या नावानं शोधनिबंध छापून आला. तो मी ग्रंथालयाच्या फलकावर लावला. आठ दिवसांनी त्याच्यावर कुणीतरी क्रीडास्पर्धेची सूचना लावली.

त्यानंतर वर्षभरानं तिच्या जुन्या मार्गदर्शकांनी आपल्या प्रोग्रामची 'सुधारित आवृत्ती' जाहीर केली. भामानं ती उतरवून घेतली, त्या अकरा यंत्रांवर चालवली, आठवडाभर चालवली. आकडे जिथं यायला हवेत तिथं आले. चूक दुरुस्त झाली होती. कुणी दाखवली, याचा कुठंही उल्लेख नव्हता. आभारांत अनेक नावं होती, त्यांत ती नव्हती. मी म्हटलं, आपण लिहू, भांडू, विचारू. ती मान खाली घालून प्रिंटचे कागद लावत राहिली. मग म्हणाली, "वाईट वाटलं, निमाताई. लई वाईट वाटलं. पण आकडा आता बरोबर हाय. ते खोटं म्हणता येत न्हाई ना मला." मी त्या दिवशी गप्प बसले, कारण भांडण तिचं होतं आणि ते करायचं की नाही हे तिनं ठरवायचं होतं. आता ती नाही. आता मी गप्प बसणार नाही.

आजार कळला तो उशिरा कळला. पोटातलं दुखणं ती कितीतरी महिने पेपर तपासणीच्या गडबडीत पुढं ढकलत राहिली होती. संभाजीनगरला मी जमेल तेव्हा जायचे. त्या शेवटच्या रविवारी तिला बोलायचा त्रास होत होता. मी तिचा हात हातात घेतला तशी तिनं डोळे उघडले आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आईविषयी काही सांगायचं असेल. ती म्हणाली, "तीन नंबरची मशीन... तिच्यात बिघाड हाय. तिचे आकडे धरू नका." मी 'नाही धरणार' म्हटलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले.

शोकसभा कॉलेजच्या सभागृहात झाली. पहिल्या रांगेत तिचे थकलेले आईवडील आणि दत्ता. व्यासपीठावर प्राचार्य, संस्थेचे पदाधिकारी, आणि खास विद्यापीठातून आलेले तिचे जुने मार्गदर्शक. एकामागून एक भाषणं झाली. संघर्ष, जिद्द, मातीतलं रत्न. एका वक्त्यानं तर तिलाच 'जड क्वार्क' करून टाकलं, आयुष्याच्या तापत्या रसातून धक्के खात गेलेली. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मग मार्गदर्शक उठले. मऊ आवाजात म्हणाले, "अत्यंत साधी, कष्टाळू, नम्र विद्यार्थिनी. अशा पार्श्वभूमीतून येऊन..."

मी उभी राहिले. मला सभेत बोलायची सवय नाही. मी म्हटलं, "सर, तिनं तुमच्या प्रोग्रामातली चूक शोधून दाखवली होती. त्यासाठी तिची चार वर्षं गेली. पुढं ती चूक तुम्ही दुरुस्तही केलीत. तेवढं सांगा आणि मग तिच्या साधेपणावर बोला."

सर माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "ताई, ही त्याची वेळ नाही."

"मग कुठली, सर?" मी विचारलं. "ती जिवंत असतानाही नव्हती."

कुणीतरी माझा हात धरून मला खाली बसवलं. दोन मिनिटं मौन पाळून सभा संपवण्यात आली. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून प्रसंगाचं गांभीर्य समजावलं, ते मी ऐकून घेतलं. बाहेर आले तर पायऱ्यांवर दत्ता उभा होता. त्यानं विचारलं, "ताई, तुमी म्हणला ते खरं हाय का? आक्कानं त्यांची चूक काढलती?" मी म्हटलं, हो. मग तिथंच, पायऱ्यांवर बसून, मी त्याला सगळं सांगितलं, जसं तिनं मला सांगितलं होतं तसं. त्याचं शिक्षण दहावीपर्यंत झालेलं आहे आणि त्याला ते समजलं. समजल्यावर तो म्हणाला, "मंग हे पेपरात कावून न्हाई लिवलं? आमी ऊस तोडला ते तर समद्यांना म्हाईतच हाय." वडील खाली जीपमध्ये बसले होते. तो त्यांच्याकडं गेला आणि वाकून त्यांच्या कानाशी किती तरी वेळ बोलत राहिला. म्हाताऱ्यानं वर माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही हात जोडले... माझ्यानं तिथं उभं राहवेना.

आता कॉलेजनं ठरवलंय की मुलींच्या विश्रांतीकक्षाला तिचं नाव द्यायचं. तिच्या प्रबंधाची प्रत काचेच्या कपाटात, ट्रॉफींच्या शेजारी कुलूप लावून ठेवावी, असाही ठराव झाला. प्रत नोंद करायला माझ्याकडं आली तेव्हा मी ती पहिल्यांदा शेवटपर्यंत उलटली. प्रबंध संपल्यावर, संदर्भसूचीच्याही नंतर, तिनं ग्रंथालयाच्या या प्रतीत चार कोरी पानं बांधून घेतली आहेत. पहिल्या पानाच्या डोक्यावर तिच्या गोल अक्षरांत पेन्सिलीनं लिहिलंय: 'वाचताना चूक आढळल्यास कृपया इथे लिहावी. नाव लिहिलं तर आभार मानता येतील.'

मी ती प्रत कपाटात ठेवायला दिली नाही. दाखल क्रमांक घातला आणि भौतिकशास्त्राच्या उघड्या फळीवर, कुणाचाही हात पोचेल अशी ठेवली. शेजारी टोक केलेली पेन्सिल दोऱ्यानं बांधली. रोज सकाळी ग्रंथालय उघडलं की मी आधी ती चार पानं बघते. अजून कोरी आहेत. प्रबंध निर्दोष आहे म्हणून पानं कोरी असती, तर भामाला पटलंच नसतं. प्रत अजून कुणी उघडलेलीच नाही, म्हणून ती कोरी आहेत.